शॉकअपची चाल : सुटताना आणि थांबताना

मागच्या सत्रात ऑटोमोबाइल छंदवर्गात आम्ही ड्रॅग रेसिंगची एक चित्रफीत पाहिली. दिवा हिरवा झाला, इंजिन गरजले आणि गाडी सुटली. नववीतल्या एका कॅडेटने हात वर केला. "सर, सुटताना गाडी मागून खाली बसायला हवी ना? ही तर मागून वर उचलली. मग चाकं घसरली कशी नाहीत?"

त्या दिवशी तास संपायला पाच मिनिटे उरली होती, म्हणून मी अर्धेच उत्तर दिले. उरलेले अर्धे या लेखात देतो. या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : अशा गाडीच्या मागच्या शॉक ॲब्सॉर्बरची चाल किती असावी? काही वर्षांपूर्वी मी स्वतः या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिले होते. त्याची हकिगतही पुढे येईल.

शॉक ॲब्सॉर्बरला गॅरेजमध्ये सगळे 'शॉकअप' म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्याचा दांडा पूर्ण आत गेल्यापासून पूर्ण बाहेर येईपर्यंत जे अंतर कापतो, ती त्याची चाल. इंग्रजी पुस्तकांत यालाच ट्रॅव्हल म्हणतात.

ही शर्यत कसली?

ड्रॅग रेसमध्ये वळण नसते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि जागेवरून सुटून सरळ रेषेत पळतात. रूढ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा खेळ वाढला, तो बऱ्याच अंशी विमानतळांच्या धावपट्ट्यांवर. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि रस्त्यावर चोरून होणाऱ्या शर्यतींना नियम, तपासणी आणि बंदिस्त जागा मिळाली. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत.

या खेळातल्या सर्वांत वेगवान 'टॉप फ्युएल' गाड्या ताशी ५३० किलोमीटरहून अधिक वेग गाठतात. २००८ पासून त्या १००० फूटच पळतात. गंमत म्हणजे त्यांना मागे स्प्रिंगही नसते आणि शॉकअपही नसतो. ॲक्सल थेट सांगाड्याला पक्का केलेला असतो आणि सारे धक्के प्रचंड मऊ टायर सोसतात. म्हणजे आपला प्रश्न त्यांच्यासाठी नाहीच. तो आहे रस्त्यावरच्या गाड्यांपासून तयार केलेल्या शर्यतीच्या गाड्यांसाठी. उदाहरणाला १९७९ ते १९९३ या काळातली फोर्ड मस्टँग घेऊ. अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर ती आजही पुष्कळ दिसते. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे अखंड ॲक्सल, त्याला धरणारे चार दुवे आणि कॉइल स्प्रिंग. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे २.५५ मीटर आहे.

वजन मागे जाते म्हणजे काय?

बस झटक्याने सुटली की उभे असलेले प्रवासी मागे झुकतात. गाडीचेही तसेच होते. टायर जमिनीलगत पुढे ढकलतात, पण गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून वर असतो. त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि मागच्या चाकांवरचा तेवढाच वाढतो. गणित सोपे आहे. गाडीचे वजन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन ॲक्सलमधले अंतर, गुणिले त्वरण. इथे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत धरायचे.

चालकासह गाडीचे वजन १४५० किलो, गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर आणि सुटतानाचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाइतकेच मानू. मग १४५० ला ०.५ ने गुणून २.५५ ने भागले की सुमारे २८४ किलो येतात. गाडी उभी असताना मागच्या चाकांवर ६२३ किलो असतील, तर सुटताना ९०७ किलो होतील. टायरची पकड भारावर अवलंबून असते. म्हणून मागच्या चाकांवर चालणारी गाडी या खेळात सोयीची पडते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे २८४ किलो स्प्रिंग मऊ केल्याने वाढत नाहीत आणि शॉकअप महाग घेतल्याने बदलत नाहीत. ते ठरतात फक्त वजन, उंची, लांबी आणि त्वरण यांवर. आपल्या हातात असते ते एवढेच, की हा भार टायरपर्यंत कोणत्या वाटेने आणि किती लवकर पोहोचतो.

दोन वाटा

पहिली वाट स्प्रिंगची. बॉडी मागून खाली बसते, स्प्रिंग दबते आणि दबलेली स्प्रिंग टायरवर जोर देते. पण दबायला वेळ लागतो, म्हणून भार थोडा उशिरा पोहोचतो.

दुसरी वाट दुव्यांची. ॲक्सलला पुढे बॉडीशी जोडणारे वरचे आणि खालचे दुवे बाजूने पाहिले, तर त्यांच्या रेषा पुढे वाढवल्यावर एका बिंदूत मिळतात. मागचा टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून या बिंदूतून जाणारी रेषा काढा आणि ती पुढच्या चाकाच्या वर किती उंचीवर जाते ते पाहा. ती उंची गुरुत्वमध्याच्या उंचीएवढी असेल, तर सगळा भार दुव्यांतून लगेच टायरवर येतो आणि बॉडी ना खाली बसते ना वर उचलते. याला शंभर टक्के 'अँटी-स्क्वॉट' म्हणतात, म्हणजे बसण्याला होणारा विरोध. रेषा खालून गेली तर गाडी मागून बसते. वरून गेली तर मागची बाजू उचलली जाते.

आपल्या कॅडेटने पाहिलेली गाडी या शेवटच्या प्रकारची होती. बॉडी वर उचलली गेली, पण तिला उचलणारे दुवे त्याच वेळी ॲक्सलला खाली दाबत होते.

हे पटत नसेल तर वैद्यकीय तपासणीच्या खोलीतल्या काट्याच्या वजनयंत्रावर एक प्रयोग करा. यंत्रावर उकिडवे बसा आणि झटकन उभे राहा. उठायला लागताच काटा तुमच्या वजनाच्या पुढे जाईल. कारण शरीर वर ढकलायचे तर पायांना यंत्र खाली दाबावे लागते. पण काटा तिथे थांबणार नाही. तुम्ही उभे राहून थांबत असताना तो वजनाच्या मागे घसरेल आणि मग जागेवर येईल.

सगळा विषय या काट्याच्या दोन हालचालींत आहे. बॉडी वर जायला लागते तेव्हा टायर जास्त दाबला जातो. बॉडी वर जायची थांबते तेव्हा टायर हलका होतो. ती हळूहळू थांबली तर टायर थोडासा हलका होतो. पण शॉकअपची चाल मध्येच संपली आणि दांडा वरच्या टोकाला आदळला, तर बॉडी एकदम थांबते, ॲक्सलला वर हिसका बसतो आणि ताकदीच्या भरात असलेला टायर त्याच क्षणी पकड सोडतो.

खालच्या टोकालाही असाच धोका आहे. गाडी मागून बसत असताना शॉकअप तळाला टेकला, तर स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. उरतो तो फक्त टायर, आणि टायर चेंडूसारखा उसळतो. तोफेचे उदाहरण घ्या. १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेची नळी गोळा सुटल्यावर एक मीटरहून अधिक मागे सरकत असे. तो धक्का तेल आणि हवा यांच्या यंत्रणेने एवढ्या अंतरावर पसरवला, म्हणून गाडा जागेवर राहिला आणि प्रत्येक वेळी पुन्हा नेम धरावा लागला नाही. अंतर कमी पडले असते तर तोच धक्का कितीतरी मोठ्या जोराने गाड्यावर आला असता. शॉकअपचेही असेच आहे. चाल संपली की जोर वाढतो.

किती खाली, किती वर?

आता आकडे काढू. मागच्या प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगची ताठरता मिलिमीटरला अडीच किलो मानू. म्हणजे अडीच किलो भार वाढला की चाकाच्या जागी गाडी एक मिलिमीटर बसते. २८४ किलोंपैकी एका चाकाच्या वाट्याला १४२ येतात.

दुव्यांचा विरोध शून्य असेल तर १४२ भागिले २.५, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर गाडी बसेल. विरोध ५० टक्के असेल तर निम्मा भार दुवे घेतील आणि गाडी सुमारे २८ मिलिमीटर बसेल. १०० टक्क्यांना हालचाल शून्य. १३० टक्क्यांना गाडी उलट सुमारे १७ मिलिमीटर उचलली जाईल.

पण हे आकडे सगळे शांत झाल्यानंतरचे आहेत. सुटण्याचा क्षण शांत नसतो. स्प्रिंगवर भार एकदम टाकला आणि तिला आवरायला काहीच नसले, तर ती शेवटच्या स्थितीच्या दुप्पट दबते आणि मग परत येते. शॉकअप हे दुपटीचे प्रमाण खाली आणतो, पण किती आणेल हे त्याच्या सेटिंगवर अवलंबून असते. म्हणून चाल ठरवताना दुप्पट धरलेली बरी. आपल्या ५० टक्क्यांच्या गाडीसाठी खाली ५७ मिलिमीटर. धावपट्टीच्या उंचसखलपणासाठी आणखी १५ धरू. एकूण ७२.

इथवर बहुतेक जण येतात आणि थांबतात. मीही थांबलो होतो.

माझी चूक

एका मित्राने जुनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी शर्यतीसाठी तयार केली होती. मागचे शॉकअप निवडायचे काम माझ्याकडे आले. गाडी सुटताना मागून फार बसते, म्हणून मी खालच्या बाजूला भरपूर चाल ठेवली. स्प्रिंगची बैठक वर घेतली आणि मागची बाजू उंच केली. वरच्या बाजूला, म्हणजे दांडा बाहेर यायला, जेमतेम २५ मिलिमीटर उरले. सुटताना गाडी वर थोडीच जाणार, असा माझा हिशेब होता.

बंद धावपट्टीवर पहिली फेरी झाली. सुरुवात अप्रतिम. चाके घसरली नाहीत आणि वेळही आधीपेक्षा चांगली आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मित्राने शेवटची रेषा ओलांडली आणि ब्रेक दाबला. तेव्हा सगळा भार पुढे गेला, गाडीची मागची बाजू वर आली आणि शॉकअपची चाल संपली. नेमक्या त्याच ठिकाणी धावपट्टीच्या दोन काँक्रीट फरशांचा जोड थोडा वरखाली होता. मागचे एक चाक जमिनीवरून सुटले आणि गाडी आडवी होत गवतात गेली. कुणाला इजा झाली नाही. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा मित्र स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता. हात काढायला त्याला थोडा वेळ लागला.

रात्री मी वही काढली आणि जे गणित आधी करायला हवे होते ते केले. हेच गणित आपल्या मस्टँगसाठी मांडू. ब्रेक लावताना वेग कमी होण्याचा दर गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट मानू. मग २८४ चे ०.८, म्हणजे २२७ किलो मागून पुढे जातात. प्रत्येक मागच्या चाकावरचा भार सुमारे ११४ किलोंनी कमी होतो. २.५ ने भागले की ४५ मिलिमीटर. दुवे यातला काही भाग रोखतात, पण सुरक्षिततेसाठी पूर्ण आकडाच धरायचा. धावपट्टीसाठी १५ मिळवले की ६०. मी ठेवले होते २५.

मी सुटण्याचा विचार केला होता, थांबण्याचा केला नव्हता. सुटण्यात चूक झाली तर शर्यत जाते. ताशी दीडदोनशे किलोमीटर वेगात थांबताना चूक झाली तर माणूस जाऊ शकतो. तेव्हापासून मी गणिताची सुरुवात ब्रेकपासून करतो.

आधी मोजा, मग यादी उघडा

शॉकअपची यादी उघडण्यापूर्वी गाडीखाली जाऊन तीन मापे घ्यायची. हे काम प्रशिक्षकांशिवाय करायचे नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नका, बॉडीखाली पक्के स्टँड हवेत. स्प्रिंग काढताना ती ताणात नाही याची खात्री प्रशिक्षकांनी करायची.

पहिले माप स्प्रिंग काढण्याआधीचे. गाडी सपाट जमिनीवर, टायरमध्ये शर्यतीच्या वेळची हवा, टाकीत इंधन आणि आसनावर चालकाएवढे वजन. या स्थितीत शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टच्या मध्यांमधले अंतर मोजा. ही 'उभी लांबी'. आपल्या उदाहरणात ती ४०० मिलिमीटर मानू.

दुसरे माप स्प्रिंग आणि शॉकअप काढून. ॲक्सल जॅकने हळूहळू वर घ्या आणि कुठे काहीतरी अडते ते पाहा. बंपस्टॉपचे रबर असेल, टायर मडगार्डला लागत असेल किंवा ॲक्सल सायलेन्सरच्या नळीला टेकत असेल. अडण्याच्या थोडे अलीकडे थांबा आणि तेच अंतर पुन्हा मोजा.

तिसरे माप ॲक्सल खाली सोडून. इथे ब्रेकच्या रबरी नळीवर लक्ष ठेवा. ती ताणली जाता कामा नये. प्रोपेलर शाफ्टचा सांधाही फार वाकता कामा नये. यांतले जे आधी अडेल ती खालची मर्यादा.

आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे शॉकअप किती तिरपा आहे. उभा शॉकअप चाकाएवढाच हलतो, तिरपा त्यापेक्षा कमी. उभ्या रेषेपासून २५ अंश तिरपा असेल तर चाकाच्या हालचालीच्या साधारण ०.९ पट, आणि ४५ अंश असेल तर ०.७ पट. आपल्या गाडीत तो २५ अंशांनी तिरपा आहे असे मानू. मग खालच्या बाजूचे ७२ मिलिमीटर शॉकअपपाशी ६५ होतात आणि वरच्या बाजूचे ६० होतात ५४. दोन्ही टोकांना दहा दहा मिलिमीटर राखीव ठेवू. राखीव तुकडी कशासाठी असते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. एकूण आत जायला ७५ आणि बाहेर यायला ६४. म्हणजे किमान चाल १३९ मिलिमीटर.

उभी लांबी ४०० असल्याने शॉकअपची मिटलेली लांबी जास्तीत जास्त ३२५ आणि ताणलेली लांबी कमीत कमी ४६४ हवी. यादी उघडायची ती हे दोन आकडे हातात आल्यावर.

मोठा म्हणजे चांगला नव्हे

समजा दुकानात दोन शॉकअप आहेत. पहिल्याची मिटलेली लांबी ३२०, ताणलेली ४७०, चाल १५०. दुसऱ्याची मिटलेली ३५०, ताणलेली ५३०, चाल १८०. किमतीत फारसा फरक नाही. कुठला घ्याल?

बरेच जण दुसरा उचलतील. चाल जास्त, म्हणजे सुरक्षितता जास्त. पण तो गाडीला लावून पाहा. उभी लांबी ४००, मिटलेली ३५०, म्हणजे आत जायला फक्त ५० मिलिमीटर. आपल्याला राखीव सोडूनही ६५ हवेत. जास्त चालीचा हा शॉकअप पहिल्याच सुटण्याला तळाला टेकेल. बाहेरच्या बाजूला त्याच्याकडे १३० मिलिमीटर आहेत, पण त्यातले निम्म्याहून अधिक कधीच वापरले जाणार नाहीत. पहिला शॉकअप आत ८० आणि बाहेर ७० देतो. दोन्हीकडे गरज भागते.

याचे कारण शॉकअपच्या बांधणीत आहे. दांडा जेवढा लांब, तेवढी तो सामावणारी नळीही लांब. म्हणून चाल वाढली की मिटलेली लांबीही वाढते. एकूण चाल किती, यापेक्षा उभ्या स्थितीत दांडा कुठे आहे हे जास्त महत्त्वाचे. आपल्या गाडीत तो जवळजवळ मध्यावर आला. पण ज्या गाडीची मागची बाजू सुटताना उचलली जाते, तिचा दांडा मध्यापेक्षा आत बसलेला चालतो, कारण तिला बाहेर येण्यासाठी अधिक जागा लागते. धावण्याच्या शर्यतीची सुरुवात आठवा. 'सेट' म्हटल्यावर गुडघे वाकलेले असतात, म्हणून पाय ताणून जमिनीला रेटा देता येतो. पाय आधीच सरळ असतील तर रेटायला काही उरत नाही.

मऊकडकपणाची बटणे या सगळ्यानंतर येतात. चाल पुरेशी असेल तर त्या बटणांनी बॉडी किती वेगाने वरखाली व्हावी हे ठरवता येते. चाल कमी असेल तर कितीही कडक केले तरी संपलेली जागा परत येत नाही. अति कडक शॉकअप तर तिसरीच अडचण करतो. टायरला जमिनीचे चढउतार पाळता येत नाहीत.

गाडीलाच विचारा

कागदावरचे गणित आपण मानलेल्या आकड्यांवर उभे असते, म्हणून पहिल्या फेरीनंतर पडताळणी हवी. शॉकअपच्या दांड्यावर एक घट्ट रबरी रिंग चढवा आणि नळीला टेकवून ठेवा. दांडा आत गेला की नळी रिंगला ढकलते आणि रिंग तिथेच राहते. फेरी संपल्यावर रिंगच्या जागेवरून दांडा जास्तीत जास्त किती आत गेला ते कळते. तळापासून दहा मिलिमीटरच्या आत गेला असेल तर राखीव खर्च झाली.

दांडा किती बाहेर आला हे रिंग सांगत नाही. त्यासाठी ॲक्सल आणि बॉडी यांच्यात बारीक शिवणाचा दोरा बांधायचा. लांबी एवढी, की ठरवलेल्या मर्यादेपर्यंत तो सैल राहील आणि ती ओलांडली की तुटेल. दोरा प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकची नळी यांपासून दूर हवा. काही पैशांचा हा दोरा त्या दिवशी मी बांधला असता, तर कमी वेगाच्या सरावातच तुटला असता आणि ती फेरी झालीच नसती.

आपल्या गाड्या आणि आपले रस्ते

आज भारतात घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्यासाठी हे सगळे चित्र उलटे आहे. सुटताना भार मागे जातो, म्हणजे ताकद देणारी चाकेच हलकी होतात. अशा गाडीची मागची बाजू मऊ करून खाली बसवणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी आणि लष्करात अनेक वर्षे सेवा केलेली जिप्सी यांच्या मागे अखंड ॲक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंग असतात. पाट्याचा पुढचा भाग दुव्याचे काम करतो, त्यामुळे गणित थोडे बदलते. मोजण्याची रीत मात्र तीच राहते.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा लेख वाचून कुणी घरच्या गाडीची स्प्रिंग कापू नये आणि रस्त्यावर शर्यत लावू नये. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. धावपट्टीवर शेवटच्या रेषेपुढे थांबायला मोकळी जागा राखलेली असते, रुग्णवाहिका उभी असते आणि गाडी तपासूनच सोडली जाते. आमच्या चुकीनंतर गाडी गवतात गेली, कारण तिथे गवत होते. रस्त्यावर त्या जागी झाड, टपरी किंवा माणूस असतो.

तर नववीतल्या कॅडेटला आता पूर्ण उत्तर. गाडी मागून वर उचलली तरी चाके घसरली नाहीत, कारण बॉडीला उचलणारा जोरच टायरला खाली दाबत होता. आणि तो दाब टिकला, कारण तिच्या शॉकअपमध्ये वर जायला जागा शिल्लक होती.

पुढच्या छंदवर्गात वजनयंत्र मी आणीन. तुम्ही मेजर टेप, रबरी रिंग आणि शिवणाचा दोरा घेऊन या. शाळेच्या कार्यशाळेतली जुनी जीप स्टँडवर चढवू आणि तीन मापे घेऊ. प्रत्येकाने आकडे आपापल्या वहीत लिहायचे, ब्रेकचा आकडा सर्वांत आधी.